दुसरा गाल पुढे करणे म्हणजे गप्प बसणे नव्हे

प्रश्न : मी एका खाजगी कार्यालयात काम करते. आमच्या विभागप्रमुख बाई गेली दोन वर्षं माझ्या मागे लागल्या आहेत. सगळ्यांसमोर टाकून बोलतात. मी केलेला अहवाल स्वतःच्या नावाने वर पाठवतात आणि त्यात चूक निघाली की मात्र माझं नाव सांगतात. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना ठाऊक आहे. परवा मी एका गोष्टीला हरकत घेतली तर हसत म्हणाल्या, "अहो, तुमच्यात दुसरा गाल पुढे करतात ना?" सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन रडले. मी त्यांच्याशी कायम चांगलीच वागत आले. त्यांचं राहिलेलं काम सुट्टीच्या दिवशी बसून पुरं करते. त्या आजारी होत्या तेव्हा फोन करून विचारपूस केली. सहकारी त्यांची निंदा करू लागले की मी उठून जाते. तरी काही फरक पडला नाही. पती म्हणतात, तक्रार कर. आमच्या मंडळीतले (चर्चमधले) एक वडीलधारे पुढारी म्हणाले, बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र वाच आणि सोस, प्रभूनेही सोसलं. आता त्यांचा आवाज ऐकला तरी माझ्या पोटात गोळा येतो. तक्रार केली तर ख्रिस्ती म्हणून माझी साक्ष, माझ्या वागण्यातून लोकांना दिसणारा विश्वास, बुडेल का? आणि मनात एवढी चीड असताना वरवर गोड वागणं हा ढोंगीपणा नाही का?
— एक वाचक भगिनी

प्रिय भगिनी,

तक्रार करणं पाप नाही, हे आधी सांगून टाकते. बाकीचं सगळं त्यानंतर निवांत वाचा.

तुम्ही केलेल्या चांगुलपणाची यादी पत्रात दिली आहे. त्यातली विचारपूस ही दया खरी. निंदा सुरू झाली की उठून जाणं ही तर फार अवघड दया, आणि तिचं मोल तुम्ही स्वतः पुरेसं ओळखलेलं दिसत नाही. पण सुट्टीच्या दिवशी त्यांचं काम उरकून देणं, अहवालावरून आपलं नाव गेलं तरी गप्प राहणं, आपल्याच थट्टेला हसणं, हे करताना मनात काय होतं? त्यांचं भलं व्हावं असं होतं, की त्या आणखी चिडू नयेत असं होतं? मला वाटतं, दुसरं. भिण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपली नोकरी ज्यांच्या हातात आहे त्यांना माणूस भितोच. पण भीतीला दया म्हणू लागलो की घोटाळा होतो. एक तर कितीही केलं तरी पुरत नाही. शिवाय मन आतून कडू होत जातं, आणि एवढं प्रेम करूनही आपण कडूच का, असं वाटून माणूस स्वतःच्या विश्वासावरच शंका घेऊ लागतो. तुम्ही विचारलेला ढोंगीपणाचा प्रश्न मला इथूनच आलेला दिसतो.

आता त्या गालाबद्दल. हे वचन लोकांनी इतकं फेकून मारलं आहे की ते नीट वाचायचंच राहून गेलं. कोणी एका गालावर मारलं तर दुसराही पुढे कर, हे येशूचं वचन डोंगरावरील प्रवचनात आहे, आणि ते नोंदवताना शुभवर्तमानकार मत्तय "उजव्या गालावर" असं लिहितो (मत्तय 5:39). समोर उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं तर हात उलटा करून मारावा लागतो. अशी चपराक जखम करायला मारत नाहीत, पाणउतारा करायला मारतात. यहुदी नियमांचा मिश्ना हा संग्रह इ.स. 200 च्या सुमारास संकलित झाला. त्यात साध्या चपराकीला 200 झूझ (त्या काळची चांदीची नाणी) दंड सांगितला आहे आणि उलट्या हाताच्या चपराकीला 400. दुखतं कमी, पण दंड दुप्पट, कारण अपमान मोठा. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की या वचनात प्रभू अपमानाविषयी बोलत आहेत. अपमानाची परतफेड अपमानाने करू नकोस, असं ते शिकवतात. अपमान झालाच नाही असं दाखव, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

आणि स्वतः प्रभूंना चपराक बसली तेव्हा काय झालं? माजी महायाजक हन्ना याच्यासमोर चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूला मारलं. योहानाच्या 18 व्या अध्यायात उत्तर दिलेलं आहे : मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते सांग, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? यात शिवीशाप नाही, हात उगारणं नाही, आणि गप्प बसणंही नाही. त्या शिपायाला प्रभूंनी एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. पुढच्या वेळी कोणी तुम्हाला दुसऱ्या गालाची आठवण करून दिली तर हा प्रसंग मनात असू द्या. तो ऐकवायची गरज नाही. फक्त हसू नका.

(प्रेषित पौलाला मात्र हे दरवेळी जमलं नाही. महायाजकाने त्याच्या तोंडावर मारायचा हुकूम सोडला तेव्हा तो त्याला "चुना लावलेल्या भिंती" म्हणून बसला आणि लगेच त्याला सावरून घ्यावं लागलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 23. कधी तोल गेलाच तर हा अध्याय वाचा, फार धीर येतो.)

त्याच पौलाची फिलिप्पै शहरातली हकीकत तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा 16 वा अध्याय. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय, भर चौकात, कपडे फाडून छड्यांनी मारलं. मग आतल्या कोठडीत टाकून त्यांचे पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री भूकंप झाला, दारं उघडली. कैदी पळाले असं समजून बंदिशाळेच्या नायकाने जीव द्यायला तलवार उपसली. पौल ओरडला : स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. काही तासांपूर्वी याच माणसाने त्यांचे पाय खोड्यात घातले होते. पौलाने नुसतं गप्प राहायचं ठरवलं असतं तरी सूड आपोआप पुरा झाला असता. इथे दयेत भीतीचा अंशही नाही, कारण त्या क्षणी तो नायक पौलाचं काहीच बिघडवू शकत नव्हता. मग त्या माणसाने त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरी नेऊन जेवू घातलं.

आपल्या प्रवचनांतून ही गोष्ट बहुधा इथे थांबते. अध्याय मात्र पुढे चालू राहतो. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवून निरोप दिला की त्या माणसांना सोडून द्या. पौलाला गुपचूप निघून जाता आलं असतं. पण तो म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हाला चौकशीशिवाय चारचौघांत मारलं, तुरुंगात टाकलं, आणि आता लपूनछपून बाहेर काढता? ते चालायचं नाही. त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या केल्या. त्यानंतर पौल लुदिया या तिथल्या विश्वासणाऱ्या बाईच्या घरी गेला, तिथल्या बंधूंना धीर दिला आणि मगच शहर सोडलं. मला वाटतं, त्या बंधूंसाठीच तो अडून बसला असावा. ज्या शहरात पौलाला असं मारता येतं तिथे मागे राहिलेल्या नवशिक्या विश्वासणाऱ्यांचं काय झालं असतं? अधिकाऱ्यांना एकदा जाब द्यावा लागला म्हणजे पुढच्या वेळी ते हात आखडता घेतील.

रात्री नायकाचा जीव वाचवणारा आणि सकाळी अधिकाऱ्यांना जाब विचारणारा हा एकच माणूस आहे. तो रात्री ख्रिस्ती आणि सकाळी भांडखोर झाला, असं ही हकीकत लिहिणारा लूक कुठेही सुचवत नाही.

तुमच्या मंडळीतल्या वडिलांनी सांगितलेलं वचनही बघू. त्यांचा हेतू चांगलाच असणार. पेत्राच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या 18 व्या वचनापासून, अन्याय सोसण्याविषयी लिहिलं आहे. पण ते कोणाला लिहिलं आहे? घरातल्या दासांना. त्यांना नोकरी सोडता येत नव्हती, तक्रार ऐकणारं कोणी नव्हतं, त्यांचा मालकच त्यांचा कायदा होता. सुटकेचा कुठलाच मार्ग नसलेल्या माणसांना पेत्र सांगतो की तुमचं सोसणं देव पाहतो, आणि ख्रिस्तही या वाटेने गेला. त्या शब्दांचा आधार फार मोठा आहे. पण हाताशी मार्ग असलेल्या माणसाने तो वापरू नये असं त्यावरून निघत नाही. पौलाकडे नागरिकत्व होतं, त्याने ते वापरलं, पुढे कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दादही मागितली. तुमच्या कार्यालयात तक्रारीची काही तरी सोय असणारच. ती वापरली म्हणून साक्ष बुडत नाही. खोटं बोललात, तिखटमीठ लावलंत, सूड उगवलात, तर बुडेल.

आपल्या काळाजवळचं उदाहरण हवं तर अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीचं घ्या. 30 जानेवारी 1956 च्या रात्री पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. पत्नी आणि तान्ही मुलगी घरातच होत्या, सुदैवाने वाचल्या. बाहेर संतापलेला जमाव जमला होता, काहींच्या हातात शस्त्रं होती. किंग यांनी त्यांना शस्त्रं न उचलता घरी जायला सांगितलं आणि शत्रूंवर प्रीती करा म्हणाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, 1 फेब्रुवारीला, बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा दावा न्यायालयात दाखल झाला. याच वर्णभेदाविरुद्ध किंग यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार एकूण 381 दिवस चालला. शत्रूवर प्रीती करायची म्हणून कोणी दावा मागे ठेवला नाही.

मग करायचं काय? मत्तय 18 मध्ये प्रभूंनी क्रम घालून दिला आहे : आधी एकट्याने जाऊन सांगा, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घ्या, तरीही नाही तर मंडळीला कळवा. हे मंडळीतल्या बंधूंसाठी आहे आणि तुमच्या बाई मंडळीतल्या नाहीत. तरी क्रम शहाणपणाचा आहे. पाठीमागे बोलण्याआधी तोंडावर बोलावं, एवढं तरी त्यातून घ्यावं. वेळ त्यांच्या सोयीची निवडा, बाजूला गाठा, आणि थोडक्यात बोला. असं काहीसं :

"मॅडम, दोन मिनिटं हवी होती. मागचा अहवाल मी तयार केला होता, वर पाठवताना त्यावर माझं नाव नव्हतं. यापुढे ते असावं अशी माझी विनंती आहे. आणि माझ्या श्रद्धेवरून सगळ्यांसमोर जे बोललात ते मला लागलं. तसं पुन्हा बोलू नका."

एवढंच. मी तुमच्यासाठी किती केलं याची यादी तर अजिबात नको. ती बाहेर आली की केलेल्या दयेची उधारी होते आणि आपण वसुलीला आलो असं दिसतं. सुट्टीच्या दिवसाचं काम पुढे आलं तर "या वेळी मला जमणार नाही" हे पुरे. कारणं देत बसू नका.

मत्तय 18 मधले दोघे एकाच पातळीवरचे भाऊ आहेत, तुम्ही आणि तुमच्या वरिष्ठ तशा नाही. एकटीने भेटणं धोक्याचं वाटत असेल, बोललात म्हणून त्या तुम्हाला आणखी छळतील असं स्पष्ट दिसत असेल, तर पहिली पायरी वगळून सरळ लेखी कळवा. त्यात तारखा, ईमेल, कोण हजर होतं, हे सगळं द्या. आणि हे वाचणाऱ्या इतर कोणाच्या बाबतीत मारहाण, लैंगिक त्रास किंवा जिवाची भीती असेल, तर या साऱ्या पायऱ्या विसरा. आधी तिथून बाहेर पडा, मदत मागा, पोलिसांत जा. तिथे थांबून सोसा, असं सांगायचा अधिकार कोणालाही नाही, मग तो पाळक असो की वडील.

लेवीयच्या 19 व्या अध्यायात "आपल्यासारखी आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर" ही आज्ञा आहे, ती आपल्याला पाठ असते. तिच्या आधीच्या वचनात काय आहे, ते मात्र फारसं कोणी वाचत नाही. तिथे सांगितलं आहे की मनात भावाचा द्वेष धरू नकोस, शेजाऱ्याची कानउघाडणी कर, नाहीतर त्याच्या पापाचा वाटा तुझ्याकडे येईल. द्वेष मनात मुरवणं आणि तोंड उघडणं, यातलं दुसरं निवड, असा त्याचा रोख आहे. दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवायची सवय लागलेल्या माणसाला ती सवय पुढे चालू देण्यात त्याचं तरी काय भलं आहे?

"काही फरक पडला नाही" असं तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल थोडं. शत्रू भुकेला असेल तर त्याला खाऊ घाल, असं केल्याने तू त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करशील, हे नीतिसूत्रांतलं वचन पौल रोमकरांस पत्रात घेतो. ते वाचून काहींना वाटतं की दया हा सूडाचा सभ्य प्रकार आहे, काहींना वाटतं की ती समोरच्याला बदलायची हमखास युक्ती आहे. निखाऱ्यांचा अर्थ लाज की आणखी काही, यावर पंडितांचे वाद आहेत. पौल मात्र लगेच पुढच्या वचनात म्हणतो की वाइटाने जिंकला जाऊ नकोस, बऱ्याने वाइटाला जिंक. म्हणजे आधी स्वतःला सांभाळायचं आहे. त्याच अध्यायात तो "शक्य असल्यास" आणि "तुमच्याकडून होईल तितकं" शांतीने राहा असंही लिहितो. होणार नाही अशीही वेळ येते, हे त्याला माहीत होतं.

दावीद आणि शौलाचं बघा. राजा शौल दाविदाच्या जिवावर उठला होता. एन-गेदीच्या गुहेत तो हाती सापडला असताना दाविदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला. शौल मोठ्याने रडला, तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस म्हणाला. पहिल्या शमुवेलाचा 24 वा अध्याय संपतो तेव्हा शौल घरी जातो आणि दावीद आपल्या गडावर परततो, त्याच्याबरोबर जात नाही. 26 व्या अध्यायात शौल पुन्हा 3000 निवडक माणसं घेऊन त्याच्या मागावर येतो. दाविदाने त्याला दुसऱ्यांदाही सोडलं, आणि दुसऱ्यांदाही त्याच्याबरोबर राहायला गेला नाही. शौल रडला ते खरं असेलही, पण ते रडणं टिकलं नाही. उद्या तुमच्या बाईंनी माफी मागितली तर मनापासून क्षमा करा. अहवालाची प्रत मात्र स्वतःजवळ ठेवतच जा.

आता चीड. चीड असताना सभ्य वागणं ढोंग आहे का? नाही. त्यांना फसवून काही पदरात पाडून घ्यायचं असेल तर ते ढोंग. शत्रू आवडलाच पाहिजे अशी आज्ञा शास्त्रात मला सापडलेली नाही. लूक 6 मध्ये जे सांगितलं आहे ते सगळं करण्याजोगं आहे : भलं करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. पोटातला गोळा असतानाही ते करता येतं. चिडीला वाटही हवीच, आणि ती देवासमोर मोकळी आहे. स्तोत्र 55 वाचा. निंदा करणारा शत्रू असता तर सोसलं असतं, पण तू तर माझा सोबती, अशी तळमळ त्यात आहे आणि ती मुळीच सौम्य शब्दांत नाही. स्तोत्रकर्त्याने ते सहकाऱ्यांना ऐकवलं नाही, देवाला ऐकवलं.

बाईंसाठी प्रार्थना करताना "प्रभू, त्यांना सुधार" एवढ्यावर थांबू नका. तशी प्रार्थना बहुधा आपल्याच बाजूचा अर्ज असतो. त्यांच्यासाठी एखादी नेमकी गोष्ट मागा, ज्यात तुमचा काही फायदा नाही. त्या आजारी होत्या म्हणालात, तर त्यांची तब्येत, त्यांची झोप. सुरुवातीला तोंडातून शब्द निघणार नाहीत. एक वाक्य म्हणा आणि उठा.

वर न छापलेल्या ताज्या कलमात तुम्ही लिहिलं आहे की बाईंच्या बढतीचा विचार चालू आहे, त्यासाठी हाताखालच्या लोकांकडून लेखी अभिप्राय मागवला आहे आणि तो फॉर्म तुमच्याकडे येऊन पडला आहे. कोरा परत करावा असं मनात आहे. कोरा करू नका. विचारलं असताना सत्य दडवणं ही दया होत नाही, त्यांच्यावरही नाही आणि उद्या त्यांच्या हाताखाली येणाऱ्यांवरही नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. "अहंकारी", "दुष्ट" ही विशेषणं गाळा, प्रसंग आणि तारखा द्या. अहवालाचा प्रकार लिहा, चारचौघांतली थट्टा लिहा. आणि त्या बाहेरच्या लोकांशी बोलण्यात तरबेज आहेत, अडचणीच्या वेळी डगमगत नाहीत, असं तुम्हीच पत्राच्या न छापलेल्या भागात म्हटलं आहे. तेही लिहा, तितक्याच स्पष्टपणे. बढती द्यावी का असा रकाना असेल तर जे मत असेल ते एका ओळीत द्या आणि थांबा. रात्री लिहिलंत तर सकाळी पुन्हा वाचून मगच पाठवा. फॉर्म गोपनीय असेल तर कोणालाही दाखवू नका, घरीही नाही. मुदतीच्या आत द्या आणि दिल्याची पोच घ्या.